भिंतीकडची जागा

खरं सांगते, तुरुंगात जायची मला काडीचीही हौस नव्हती. सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी करून पाय सुजवून घेतले होते. आता किहीमच्या घरी वाडीतल्या नारळांवर लक्ष ठेवायचं आणि दुपारी पंखा लावून आडवं व्हायचं, एवढाच बेत होता. पण आमच्या जुन्या डॉक्टरांनी निवृत्त झाल्यावर कैद्यांच्या मोफत तपासणीचं खूळ डोक्यात घेतलं. पंधरवड्याला ते मुंबईहून गाडी रो-रो बोटीवर चढवून यायचे, मागच्या सीटवर औषधांची खोकी, आणि माझ्या फाटकाशी हॉर्न वाजवायचे. "चला सिस्टर, तुमच्याशिवाय रांग कोण सांभाळणार?" म्हणजे मी ओरडायचं आणि त्यांनी गोड बोलायचं, अशी आमची वाटणी.

त्या तुरुंगाचं नाव घेत नाही. आमच्याच जिल्ह्यातला, खाऱ्या वाऱ्यातला, भिंतींना कायम ओल. आत मावतील त्याहून कितीतरी जास्त माणसं कोंबलेली, आणि त्यातले बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून उभाच राहिलेला नाही असे. पहिल्या दिवशी व्हरांड्यात टेबल मांडलं आणि रांग बघून माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. निम्म्यांना खरूज. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना एकाच दिवशी मलम लावायला हवं, कपडे, कांबळी सगळं उकळायला हवं. शिपाई नुसता हसला. कपडे उकळायचे तर तेवढा वेळ माणसांनी घालायचं काय, असं त्याने विचारलं आणि आम्ही नुसतं मलम वाटायला घेतलं.

त्या रांगेत तो होता. बोर्ली पंचतनच्या बाजूच्या एका गावातला, भातशेती करणारा, तिशीचा असेल. बांधावरून भाऊबंदांत मारामारी झाली, समोरच्याचा हात मोडला आणि हा आत आला. लहानपणापासून त्याला फिट यायची. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. ती तुरुंगाच्या कंपाउंडरकडे ठेवायची आणि त्याने रोज संध्याकाळी गजांतून द्यायची, असं ठरलं. मी त्याला माझं नेहमीचं ऐकवलं, "हे बघ, गोळी चुकवायची नाही आणि झोप मोडायची नाही. जागरण झालं की फिट आलीच म्हणून समज." जन्मभर हेच सांगत आले होते. तो हात जोडून म्हणाला, "व्हय बाय."

पुढच्या खेपेला आला तो जीभ चावलेली. त्याच्या पुढच्या खेपेला कपाळावर टेंगूळ. मी कंपाउंडरला धारेवर धरलं. तो बिचारा शपथा घ्यायला लागला, रोज हातावर ठेवतो म्हणाला. मग मी याला पुढ्यात बसवलं, गोळी तोंडात टाकली, पाणी पाजलं आणि म्हटलं, "आता आ कर." गोळी गालात तशीच होती.

मग माझं डोकंच फिरलं. "अरे, कुणासाठी मरतोय आम्ही इथे? थट्टा वाटते तुला?" तो रडायला लागला. म्हणाला, "बाय, वरडू नका. तुमीच सांगितलंत ना, झोप मोडली की फिट येते? मंग झोपायला जागा नको?"

हळूहळू सगळं कळलं. बराकीत माणसं कुशीवर झोपायची, एकाला लागून एक. ज्यांना तेवढीही जागा नाही ते बसून राहायचे आणि पाळी आली की आडवे व्हायचे. भिंतीच्या कडेला मात्र माणूस रात्रभर पाठ टेकून पडू शकतो. ती कड एका दांडग्याच्या ताब्यात होती आणि त्या दांडग्याला झोप येत नव्हती. फिटच्या गोळीने गुंगी येते हे त्याला कुठून तरी ठाऊक होतं. तेव्हा रोज संध्याकाळी गोळी याच्या गालातून त्याच्या हातात जायची आणि तो सरकून याला हातभर जागा द्यायचा.

"गोळीनं पण झोपच येते ना बाय? मंग मी झोपच घेतली. माझं काय चुकलं?"

डॉक्टरांनी त्याला शांतपणे समजावलं, गोळीचं काम वेगळं, झोपेचं वेगळं, आणि त्याला दोन्ही लागतात. तो ऐकून घेत होता. पण दोन्ही मिळायची सोय तिथे नव्हती, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

दांडग्याचं नाव सांगायला तो काही केल्या तयार होईना, तेव्हा आम्ही जेलरकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? तो खुर्चीवरून उठला आणि आम्हाला थेट बराकीच्या गजांपाशी घेऊन गेला. "डॉक्टरसाहेब, तुम्हीच दाखवा, याला कुठे झोपवू. आत्ता हुकूम देतो." भिंतीला टेकून एक म्हातारा बसला होता, दम्याने त्याची छाती वाजत होती. त्याच्या पलीकडे पायाला पट्ट्या बांधलेला एक जण. कुणाला उठवा म्हणायचं? मी डॉक्टरांकडे बघितलं, त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. औषध कमी पडलं असतं तर आणखी खोकी आणली असती. वीतभर फरशी कुठून आणायची?

आमच्या हातात होती ती फक्त गोळी. तेव्हा ठरवलं, कंपाउंडरने ती पाण्यात विरघळवून स्वतःच्या डोळ्यांसमोर पाजायची. जेलरने लगेच हो म्हटलं. डॉक्टरांना बरं वाटलं, मलाही वाटलं. निघताना मी त्याला म्हटलं, "आता गालात धरून दाखव बघू!" तो हसला नाही. म्हणाला, "मंग आता मी त्याला काय देऊ बाय?"

त्याला द्यायला काही उरलं नव्हतं. भिंतीची जागा गेली. पुढच्या खेपेला बघितलं तर डोळे खोल गेलेले, बोलता बोलता मान पडत होती. संडासाशेजारी पाण्याचा हौद होता, त्याला टेकून बसायला मिळत होतं म्हणाला. खाली सतत ओलं. डॉक्टरांनी त्याला मोठ्या दवाखान्यात दाखल करायची चिठ्ठी दिली. न्यायचं तर सोबत पोलीस हवेत. एकदा पोलीस बंदोबस्ताला गेले होते, एकदा त्यांची गाडी बंद होती. दोष कुणाला द्यायचा तेच कळेना आणि मला तर कुणाला तरी शिव्या घातल्याशिवाय चैन पडत नाही.

मग एका खेपेला रांगेत तो नव्हता. कंपाउंडर पुढे आला आणि मान खाली घालून उभा राहिला. पहाटे बसल्या जागी फिट आली, हौदाच्या कडेवर डोकं आपटलं. "सिस्टर, गोळी मी रोज पाजली. एक दिवस चुकवली नाही, देवाशप्पथ." मला ठाऊक होतं तो खरं बोलतोय. वाटलं, चुकवली असतीस तर निदान तुझ्यावर ओरडता तरी आलं असतं.

त्या दिवशी परतताना तुरुंगाच्या फाटकाबाहेर त्याची बायको उभी होती. दोन एस्ट्या बदलून त्याचे कपडे न्यायला आली होती. पिशवी छातीशी धरलेली. मी कोण ते तिला शिपायाने सांगितलं असावं.

"गोळीवाल्या बाय तुमीच ना?"

मी मान हलवली.

"गोळी घेत व्हता का वो तो?"

"घेत होता. रोज."

तिने डोळे पुसले. "मंग बरं झालं. घरी कदी वेळेवर खाल्लीन न्हाय. मला वाटलं, हितं पण न्हाय खाल्लीन म्हणून गेला. जल्मभर तोच घोर लागला असता." मग तिने विचारलं, "आनि झोप? झोपायचा का नीट? त्याला झोप लय लागायची, बाय. भात लावून आला की उंबऱ्यातच पडायचा, वरून माणसं चालत जायची तरी हलायचा न्हाय."

डॉक्टर गाडीत बसून माझी वाट बघत होते.

"झोपायचा," मी म्हटलं. "भिंतीकडे जागा होती त्याला. पाय पसरून झोपायचा."