‘नको’वाल्या रूथला मतदानाला नेताना

नागपूर सोडलं त्या दिवशी मतदान होतं. विमान दुपारचं होतं. बॅगा गाडीत चढल्या होत्या. पासपोर्ट, तिकीट, औषधं, लोणच्याच्या बरण्या, सगळ्यावर खूण करून मी मोकळी झाले होते. नवरा आधीच ओहायोला पोचला होता. गल्लीच्या तोंडाशी बाबांनी ड्रायव्हरला सांगितलं, “थांब गा जरा. हिचं मत राहिलं.” मी घड्याळ दाखवलं. “काहून घाई करून राहिली वं? विमान तुले सोडून जाईन का?” जाऊ शकतं, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. महापालिकेच्या शाळेत रांगेत उभं राहून, मत देऊनच मी देश सोडला.

बाबा नागपुरातच, सदर भागातल्या एका छापखान्यात कामाला होते. मतदानाच्या दिवशी ते गल्लीत दारोदार फिरून लोकांना बाहेर काढायचे. कोण कुठल्या पक्षाचं, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. ज्यांचं मत आपल्या उमेदवाराविरुद्ध पडणार, त्यांच्याही दारात बाबा जायचे. आई चिडायची, “मंग तुमचा माणूस पडला तर बोंबलू नका. तुम्हीच पाडून राहिले त्याले.” त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं, “आमच्या बुढ्याले विहिरीवरच्या रांगेत उभं राहू देत नव्हते. बूथवर तो पाटलाच्या मागं उभा राहिला. त्या रांगेतून मी कोणाले कमी करू?”

तुम्ही नागपूरची मंडळी फोनवर विचारता, तिकडं अमेरिकेत कोणाची हवा आहे? ओहायोतल्या आमच्या या लहानशा गावात हवा विचारावी लागत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत अंगणाअंगणात एकाच बाजूच्या पाट्या लागतात. निकाल काय लागणार हे माहीत असतं, तरी फायर स्टेशनसमोर मतदानाची रांग लागते. गावाच्या स्वतःच्या प्रश्नांवर ‘हो’ की ‘नको’ असं मतदान असलं, की मात्र केंद्रावरच्या बायका विणकाम घेऊन बसतात. बहुतेक वेळा मी हरणाऱ्या बाजूला असते. त्याचं कधी फारसं काही वाटलं नव्हतं. पाहुण्यानं यजमानांच्या भांडणात किती जीव घालायचा?

इथलं नागरिकत्व घेतल्यावर नागपूरच्या मतदारयादीतून माझं नाव काढायचं होतं. बाबांना हे सांगणं मी पुढे ढकलत होते. शेवटी सांगितलं. ते म्हणाले, “तिथं देता येते ना मत? मंग देत जाय.”

गेल्या नोव्हेंबरात प्रश्न ॲम्ब्युलन्सचा होता. गावाची स्वतःची एक गाडी आहे. ती ठेवायची तर घरपट्टी थोडी वाढणार, नाहीतर दूरच्या शहरातून गाडी येण्याची वाट पाहायची. आदल्या वर्षी माझा नवरा स्वयंपाकघरात छातीला हात लावून खाली बसला, तेव्हा हीच गाडी आली होती. थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून मी ठरवलं, ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना मतदानाला न्यायचं. वाचनालयाच्या फलकावर माझा फोन नंबर लावला.

पहिला फोन रूथचा आला. समोरच्या घरात एकटी राहते, ऐंशीच्या पुढची. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आणि अंगणात करवाढीविरुद्ध गावातली सगळ्यात मोठी पाटी. तिचंही चूक नव्हतं. पेन्शन तेवढीच राहते, घरपट्टी दरवर्षी चढते. “गाडी भरली आहे” हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. नवरा बाजूला बसून ऐकत होता. म्हणाला, “वा, विरोधकांना घरपोच सेवा. ॲम्ब्युलन्स गेली तं मले तूच नेजो.”

मी रूथला घेऊन निघाले.

“माझी पाटी पाहिलीस ना?” तिनं विचारलं.

“रोज पाहते.”

“आणि तरी?”

“सीटबेल्ट लाव,” मी म्हटलं.

आम्ही हरलो, अगदी थोडक्या मतांनी. सकाळी निकाल वाचला आणि माझा चहा गार झाला. इतकी वर्षं इथं राहून मला असा राग आला नव्हता. कोण घरी बसलं, कोणी विचार न करता ‘नको’वर खूण केली, एकेक चेहरा डोळ्यांसमोर येत होता. बाबांना फोन लावला आणि म्हटलं, तुमच्या शिकवणीनं हरले. ते हसले. “मी किती वेळा हारलो, विचार तुह्या मायले. जे आले त्याइच्यावर काहून चिडतं? जे घरी बसले त्याइले बाहेर काढ.”

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मी ‘आपली ॲम्ब्युलन्स’ म्हणत होते. ‘इथली’ नव्हे, ‘यांची’ नव्हे. नागपूर माझं आहेच, त्याला कुणाच्या यादीची गरज नाही. पण ज्या गावाच्या निकालानं माझा चहा गार होतो, त्यालाही आता परकं म्हणता येत नाही.

इथं हरलेला कराचा प्रश्न पुन्हा मतदानाला ठेवता येतो; मे महिन्यात तोच परत येतोय. संध्याकाळी मी दारं वाजवत फिरते. परवा रूथ व्हरांड्यात उभी होती.

“पुन्हा ठेवताय म्हणे. मी पुन्हा नकोच म्हणणार.”

“माहीत आहे.”

“न्यायला येशील?”

“येईन. पण मागच्या सीटवर तिघं असतील, आणि तिघंही ‘हो’वाले.”

रूथनं जरा विचार केला. “मग मी पुढं बसेन,” ती म्हणाली.