पिवळा दिवा

आज सकाळी आदिलाबादेत अशी थंडी होती की आमची डिझेल गाडी चालूच होईना. मागून पांढरा धूर आला आणि त्या वासासरशी मी माहेरी, बोथ गावच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. माझी पाठवणी बाबांच्या डिझेल गाडीतून होती. गाडी चालू करून देऊन बाबा उतरणार होते, पुढं दादा चालवणार होता. पण बाबा चावी फिरवत, इंजिन घरघर करी, पांढरा धूर सोडी आणि बंद पडे. पुन्हा तेच. सासरची मंडळी शाली गुंडाळून बघत होती. कुणीतरी हसलं. मागच्या सीटवर मी लाजेनं मान खाली घातली.

"बाबा, लवकर करा ना," मी चिडून म्हटलं. "लोक पाहून राह्यले. काऊन असं करून राह्यले तुमी?"

बाबा चावी अर्धी फिरवून थांबले. समोरच्या काट्यांजवळचा पिवळा दिवा विझल्यावर पूर्ण फिरवली. गाडी लगेच चालू झाली. ते उतरले.

आज नवरा घाईनं चावी फिरवत होता. मी म्हटलं, "आधी इंजिनातली कॉइल तापू द्या. पिवळा दिवा विझला की मग फिरवा." हे बाबांनीच शिकवलेलं. थंडीत ते दरवेळी त्या दिव्यासाठी थांबायचे, कितीही घाई असली तरी.

त्या सकाळी मात्र, मी बोलेपर्यंत, ते एकदाही थांबले नव्हते.

"चालू झाली ना," नवरा म्हणाला, "आता काऊन गप झाली तू?"

मला मान वर करता येईना.