पांढरं फडकं लावलेला डोंगा

उकंडराव मूळचे कास्तकार. त्यांचं मिरचीचं वावर धरणात गेलं आणि हा माणूस वावरामागोमाग पाण्यात उतरला. सोनाळ्याच्या सोयऱ्यांनी नावं ठेवली, कास्तकाराच्या घरात मासे धरायचा धंदा कुठून आला म्हणून. उकंडरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि गणेश भोयाकडून डोंगा वल्हवायला शिकले. ऐकायचं सगळ्यांचं अन् करायचं मनाचं, हा त्यांचा स्वभाव. मला तो आवडायचा, आणि त्याचीच धास्तीही वाटायची.

जाळं त्यांना कधी जमलं नाही. ते गळ ओढायचे. डोंगा संथ वल्हवायचा आणि मागे लांब दोरी सोडायची, तिच्या टोकाला जिवंत मासोळी लावलेला गळ. मरळ तिच्यामागे धावून येते. दोन्ही हात वल्ह्यांत गुंतलेले, म्हणून दोरीचं दुसरं टोक ते डाव्या पायाच्या घोट्याला बांधत. मासा लागला की पायाला हिसका बसे.

"डोंग्याले बांधा ना ते दोरी. पायाले काऊन?" त्यांची बायको आशाबाई रोज म्हणायची.

"मासा लागला म्हून डोंगा काय मले सांगते?" ते हसायचे. आशाबाई हसायची नाही.

पाण्यावर एक रीत होती. गळ मागे सुटला की डोंग्यात काठी उभी करून तिला पांढरं फडकं बांधायचं. ते दिसलं की बाकीच्यांनी थांबायचं, नाहीतर लांबूनच पुढून निघून जायचं. त्या डोंग्याच्या मागे कोणी फिरकत नसे. बांधावरून भांडून एकमेकांचं तोंड न बघणारे सख्खे भाऊही पाण्यावर एवढं पाळत. धुकं असलं तर हाळी द्यायची, "हो, गळ हाय!" ऐकणाऱ्यानं वल्हं उचलून धरायचं. वल्ह्याच्या डोंग्यांना तेवढं पुरत होतं.

मग गोपालनं इंजिनची बोट आणली. गोपाल हा उकंडरावांचाच मुलगा. माशांचा वासही त्याला सहन होत नसे, बापाच्या डोंग्यात तो कधी बसला नव्हता. रविवारी खामगावची मंडळी यायची, त्यांना तो धरणभर फिरवायचा. अशी पळवायचा की बाकीचे डोंगे डुचमळायचे. फडकं दिसलं तरी अगदी नाकासमोरून जायचा. एकदा गणेश ओरडला, तर म्हणतो कसा, "पाणी काय कोणाच्या बापाचं हाय बे?" बाप शेजारच्याच डोंग्यात होता, पण साहेबांचं लक्ष कुठे!

त्या दिवशी जेवताना उकंडरावांनी त्याला धरलं. "गळवाल्याले वाट देत जाय, गोपाल. नाहीतर तुह्या हातून एक दिवस माणूस मरीन."

आवाज चढला नव्हता, म्हणूनच गोपालला ते लागलं. पण वाट कोणत्या बाजूनं द्यायची, हे बापानं सांगितलं नाही. पाण्यावरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही, आणि गोपाल तर पाण्यावर गाडी चालवत होता. एवढी साधी गोष्ट आम्हा डोंगेवाल्यांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये, याचा मला आजही संताप येतो.

पुढचा रविवार थंडीतला. धुकं इतकं की पांढऱ्या फडक्याचा काही उपयोग नव्हता. धुक्यात फोटो काढायला मंडळी सकाळीच आली होती. काठावर डोंगा सोडत असलेल्या गणेशला हाळी ऐकू आली, "हो, गळ हाय!" पाठोपाठ इंजिनचा आवाज. पुन्हा हाळी आली, या वेळी घाईची. इंजिनच्या आवाजात बोटीवर ती कोणाला ऐकू येणार?

गोपालला डोंगा अचानक समोर दिसला. बाप ओळखू आला. त्यानं लगेच वेग कमी केला. रस्त्यात बैलगाडी आडवी आली की शहाणा माणूस तिला पुढे जाऊ देतो आणि मागून निघतो. गोपालनं तेच केलं. बोट वळवली आणि डोंग्याच्या मागून घेतली. बाप उभा राहून दोन्ही हात हलवू लागला. बुढा खूश झाला, असं वाटून गोपालनंही हात हलवला. मग बाप घाईघाईनं पायाशी वाकला.

इंजिन घुसमटून बंद पडलं. पंख्याला दोरी गच्च गुंडाळली होती आणि पाण्यात ताणली जात होती. "मोठा मासा लागला वाटतं!" कोणीतरी म्हणालं आणि मोबाईल काढला. गोपालनं मागे पाहिलं. डोंग्यात काठी उभी होती, फडकंही होतं. माणूस नव्हता.

गोपालनं उडी घेतली. गणेशनं येऊन दोरी कापली. उकंडरावांना वर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

काठावर आशाबाईनं आधी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि घोट्याची गाठ सोडायला लागली. ओली गाठ सुटत नव्हती.

"तू वाट नाही देली का रे, गोपाल?"

"देली व माय," गोपाल म्हणाला. "पह्यल्यांदाच देली. मागून गेलो."