सावळा रंग देणारा प्रिंटर

गरम प्रेसमधून काढलेली कोमट टाइल हातात घेतली की काकाजी ती दुकानात कधीच पाहायचे नाहीत. टेबलाला वळसा घालून, पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर जायचे. तिथे हातगाड्या, हमाल आणि कापडाचे गठ्ठे यांच्या मधोमध उभे राहून टाइल उन्हात धरायचे, मान वाकडी करायचे आणि म्हणायचे, "नाही रे भाऊ. हे दुसरीच कोणी आहे." मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकलेला असायचा.

तुमच्यापैकी कोणी दुकानदारी केली असेल तर असं गिऱ्हाईक तुम्हालाही भेटलं असेल. मी तर कपाळाला हात लावून घ्यायचो. पंडरीच्या कापडबाजाराच्या तोंडाशी माझं प्रिंटर आणि शाईचं दुकान. कपावर, टी-शर्टवर, टाइलवर फोटो छापायचं खूळ तेव्हा रायपुरात नुकतं आलं होतं आणि जो तो विचारत यायचा, भैया, कौन सा प्रिंटर लूँ? माझी पद्धत अशी की चहा निवायच्या आत माणूस मार्गी लावायचा. काकाजींनी मात्र माझा अख्खा उन्हाळा खाल्ला, वर पावसाळाही.

आम्ही सगळे त्यांना काकाजीच म्हणायचो. वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याकडून इकडे आले होते, यांनी नोकरी न करता फोटो स्टुडिओ टाकला. पांढरा हाफ शर्ट, खिशात चष्मा पुसायचा पिवळा रुमाल. मोबाइल आले आणि स्टुडिओत पासपोर्ट फोटोवाल्यांशिवाय कोणी फिरकेना. तेव्हा मला वाटलं, म्हातारा आता कप छापून चार पैसे मिळवायला बघतोय. म्हटलं, चला, आपल्यातला माणूस आहे, नीट सांगू.

मी नीट सांगितलं. काही प्रिंटर शाई आतच तापवून कागदावर उडवतात, ते या कामाचे नाहीत, कारण टाइलवर छापायची शाई वेगळी, ती तापायची प्रेसमध्ये. कागदावर चित्र मळकं, मेल्यासारखं दिसतं. प्रेसखाली गेलं की टाइलमध्ये उतरून रंग उघडतात. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि पाकिटातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात एकच फोटो. हिरव्या साडीतली, चांगली काळीसावळी पोरगी, हसू दाबून बसलेली. हा छापून दाखव, म्हणाले.

छापला. लालसर आली. दुसरी शाई घातली, तर गाल हिरवट. तिसऱ्या प्रिंटरवर चेहरा राखेसारखा. मला त्यात काही वावगं दिसेना. चौथ्या वेळी मीच थोडा उजेड वाढवून छापला, कारण आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला तेच आवडतं, गोरं केलं की खूश. काकाजींनी टाइल पाहिली आणि पहिल्यांदाच रस्त्यावर न जाता खाली ठेवली. "काहून गोरी केली रे तिले? मी सांगितलं होतं का?" आवाज चढलेला नव्हता, पण मी चपापलो.

मग त्या दुपारी, बाहेर उन्हाच्या झळा, लू चालू असताना, त्यांनी सांगितलं. पोरगी अभनपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली. सोयरिकीच्या फोटोसाठी आईबरोबर त्यांच्या स्टुडिओत आली होती. सोयरिकीचा फोटो म्हणजे गोरा करायचाच, कोणी सांगावंही लागत नाही. काकाजींनी तसा करून दिला. लग्न ठरायच्या आधीच पोरगी काविळीनं गेली. तिच्या आईनं शेताच्या कडेला पोरीच्या नावाचा चौथरा बांधला आणि त्यावर लावायला फोटो मागायला ती स्टुडिओत आली. यांनी तोच फोटो मोठा करून पुढे ठेवला. बाई बराच वेळ बघत राहिली आणि छत्तीसगढीत एवढंच म्हणाली, "ये मोर नोनी नोहय, बाबू." ही माझी पोर नाही.

"तिची एकुलती एक पोट्टी गेली, आन् तिचा चेहरा मी पुसून ठेवला," काकाजी म्हणाले.

मूळ फोटो कॉम्प्युटरमध्ये तसाच होता. तो कागदावर छापून दिला, पण चौथऱ्यावर पहिल्याच पावसात त्याचा लगदा झाला. भट्टीत भाजून पक्का फोटो करून देणारे बाहेरगावी आहेत, तिथे पाठवला, तर त्यांनी आपल्या मनानं पोरगी गोरीपान करून पाठवली. ती मात्र पक्की. हे सांगताना ते हसले आणि मलाही हसू आलं, मग दोघांनाही कसंतरी झालं.

तेव्हापासून मी घड्याळाकडे बघणं सोडलं. खरं सांगतो, मलाच चेव चढला. बाटल्या बाहेर आणि नळ्या आत असा भरपूर शाई मावणारा प्रिंटर जोडला, कारण काकाजींचं म्हणणं बरोबर होतं. ते म्हणायचे, "डब्या बदलल्या की शाई बदलते, आन् पोट्टीचा रंगही बदलते. मले एकच शाई पाहिजे, भरपूर." रंग जुळवता जुळवता सप्टेंबर उजाडला. एक दिवस ते टाइल घेऊन रस्त्यावर गेले आणि आलेच नाहीत. बघतो तर समोरच्या दुकानाच्या ओट्यावर बसून रडत होते. मी पाणी नेऊन दिलं. प्रिंटर त्याच दिवशी स्टुडिओत गेला; ही टाइल नमुन्याची, लहान होती, चौथऱ्याची मोठी तिथे छापायची होती.

आता पुढची गंमत ऐका. मी त्यांना बजावून सांगितलं होतं की शाईच्या बाटल्या प्रिंटरच्या बरोबरीनंच ठेवायच्या, वर नाही. आली खंडेनवमी. आपल्याकडे यंत्राची पूजा करतात, तशी काकाजींनी केली. आणि शाई म्हणजे लक्ष्मी, तिला खाली कशी ठेवायची? बाटल्या चौरंगावर, त्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि प्रिंटर बिचारा खाली. सकाळी सगळी शाई नळ्यांतून उतरून प्रिंटरच्या पोटात, टेबलावर, फरशीवर. फोनवर मला म्हणाले, "भाऊ, देव पावला रे. पण जरा जास्तच पावला."

प्रिंटर गेला तो गेलाच. मी चिडलो, नाही असं नाही. त्यांच्या वयाचा मान ठेवून जेवढं बोलता येईल तेवढं बोललो. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, दुसरा दाखव. या वेळी शाईची टाकी अंगातच असलेला घेतला, म्हणजे पूजेला जागाच नको. पहिल्या दिवसापासून त्यात हीच शाई घातली, साधी शाई जवळही येऊ दिली नाही. रंग मात्र पुन्हा पहिल्यापासून. संक्रांतीच्या सुमारास चेहरा परत सापडला.

टाइल लावायला आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर गेलो. नव्या रायपुराचे रुंद, रिकामे रस्ते ओलांडून पुढे धानाची कापलेली शेतं. आईनं टाइल हातात घेतली, बोटानं पोरीची हनुवटी चाचपली आणि आम्हाला चहा दिला. परतताना काकाजी मागे बसून गुणगुणत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट मला माहीत होती आणि त्यांनाही. ही शाई उन्हात टिकत नाही. घरातल्या कपावर ठीक, पण शेतातल्या चौथऱ्यावर वर्षभरात उडायला लागते. मी त्यांना तसं म्हटलंही होतं. ते म्हणाले, "मंग काय झालं? दर साली नवीन लावू. मी करूनच काय राहिलो?" त्यासाठीच तर त्यांना भरपूर शाई हवी होती. दर हिवाळ्यात धान कापून झालं की ते टाइल बदलून यायचे. कप त्यांनी फारसे कधी छापलेच नाहीत.

गेल्या पावसाळ्यात काकाजी गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास नाही. त्यांची मुलगी पुण्याला असते, ती येऊन स्टुडिओ आवरून गेली. प्रिंटर माझ्याकडे आणून ठेवला आणि म्हणाली, अंकल, ये आप ही रखिए, पापा यही बोलते थे. मराठी समजतं तिला, बोलायला लाजते. मी मान हलवली. माझ्यानं दुकानातली त्यांची नेहमीची खुर्ची बघवेना.

धान कापून झालं तसा मी टाइल करायला बसलो. मला वाटलं होतं, सगळं जुळवलेलं आहे, बटण दाबायचं. कसलं काय! जुनी शाई संपत आली होती, नवी बाटली किंचित वेगळी निघाली. डिसेंबर त्यातच गेला. बायको म्हणाली, लागलं का तुम्हालाही खूळ. लागलं होतं.

एकटाच गेलो. आई चौथऱ्याजवळच उभी होती, आता वाकली आहे. तिनं माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, बाबू नाही आले? मी सांगितलं. ती तिथेच मातीत बसली. मीही शेजारी टेकलो. मला फार एकटं वाटलं, आणि ते तिला दिसलं असावं.

मग तिनंच उठून जुनी टाइल काढली. उन्हानं चेहरा पार फिकट झाला होता, सोयरिकीच्या फोटोत होता तसाच गोरा. ती पदरानं पुसत म्हणाली, "दूसर मन के नोनी घाम मा करिया होथे. मोर नोनी गोरियाथे." दुसऱ्यांच्या पोरी उन्हात काळ्या होतात, माझी गोरी होते. म्हणताना ती हसली. नवी टाइल तिनं माझ्या हातातून घेतली, नीट न्याहाळली आणि जागेवर बसवली.

"आवइया साल तैं आबे न, बेटा?" तिनं विचारलं. पुढच्या वर्षी तू येशील ना?

मी तिच्याच बोलीत हो म्हटलं, "हव."