हवालदार सरांचा फुटबॉल

गोल झाला की सगळं मैदान गोल मारणाऱ्याकडे बघायचं. हवालदार सर मात्र त्याला चेंडू कुणी दिला, ते शोधत. "गोल मारनारा नवरदेव रं," ते म्हणत, "सोयरीक कुनी जमवली ते सांग!" लष्कराच्या संघात ते स्वतः सेंटर हाफला खेळलेले. गुडघा दुखावला, पेन्शन घेतली आणि सत्तर सालाच्या आसपास सांगलीतल्या आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक म्हणून आले. कुस्तीच्या मुलखात फुटबॉल शिकवायला येणारा माणूस एक तर वेडा असावा, नाहीतर जिद्दी. सर दोन्ही होते.

पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला गोलपोस्टकडे बघूही दिलं नाही. नुसते पास. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "ऊस लावल्या लावल्या गूळ मागतोस व्हय?" आम्ही मनातल्या मनात शिव्या घालायचो आणि पळायचो.

तिसऱ्या वर्षी साताऱ्याच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. प्राचार्यांना फुटबॉल म्हणजे बूट फाडायचा धंदा वाटे. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "करंडक आणा, नाहीतर पुढच्या वर्षी संघ बंद." सर फक्त "बरं" म्हणाले.

सामना संपत आला आणि आमच्या दत्ताने गोल मारला. एक-शून्य! दत्ताचे वडील गावची चार माणसं घेऊन आले होते. जन्मभर कुस्त्यांचे फड बघितलेला माणूस तो. पोरगा जिंकला, म्हणजे कुस्ती निकाली! ते फेटा घेऊन थेट मैदानात धावले आणि दत्ताच्या डोक्याला गुंडाळू लागले. पंचांनी सगळ्यांना बाहेर काढलं, खेळ पुन्हा सुरू करायची शिट्टी दिली. दत्ता अजून फेटा सोडत होता आणि आम्ही पोट धरून हसत होतो. तेवढ्यात समोरच्यांनी चेंडू आमच्या जाळ्यात घातला. मग जादा वेळेत आणखी एक. हरलो.

दत्ताचे वडील रडवेले होऊन आले. "आवं सर, माज्यामुळं इस्कोट झाला."

"बापानं फेटा बांधायचा न्हाई तर कुनी?" सर म्हणाले. त्यांच्या हातातला फेटा घेऊन सरांनी स्वतः तो दत्ताला नीट बांधला. मग आमच्याकडे वळले. "आनि तुमी? हसताना चेंडू कुठं हाय ते बघाय काय झालतं?" त्या दिवशी खाली गेलेल्या माना एस.टी. सांगलीला पोचेपर्यंत वर आल्या नाहीत.

संघ बंद झाला. प्राचार्यांनी सरांना मैदान सोडून ऑफिसात कागद सांभाळत बसायला सांगितलं. सरांनी राजीनामा दिला आणि ते फलटणच्या एका कॉलेजात गेले. तिथे चेंडूसुद्धा नव्हता. आम्हाला फार वाईट वाटलं; सरांना वाटलं असेल, पण निघताना ते एवढंच बोलले, "तितं पोरं तर असतील की."

दोन वर्षांनी ती पोरं घेऊन ते सांगलीत आले. आम्ही जुन्या खेळाडूंनी हौसेने त्यांच्याशी सामना ठेवला. त्यांनी आम्हाला धू धू धुतलं. सर खुशीत असतील म्हणून मी पाया पडायला गेलो.

"पोट सुटलंय तुजं," सर म्हणाले. "उद्या सकाळी सहाला मैदानावर ये."

"सर, मी आता नोकरी करतो. संघ तर कधीच मोडला."

"कॉलेजनं मोडला. मी न्हाई मोडला."

सकाळी अंधारातच गेलो. दत्ता माझ्याआधी येऊन पळत होता, आणि सर त्याच्यावर ओरडत होते.