भाऊंच्या कुलपाखाली

"हात कोपरावरून काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "कोणता?" मी विचारलं. एवढा मूर्ख प्रश्न मी जन्मात विचारला नसेल.

क्रश इंज्युरी म्हणजे हाड, मांस, रक्तवाहिन्या, सगळं एकत्र चेंगरणं. माझा नवरा सुनील भद्रावतीजवळ कोळशाच्या कन्व्हेयरवर, म्हणजे कोळसा वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर फिटर. पट्ट्याखालचा रोलर बदलताना पट्टा सुरू झाला आणि उजवा हात आत ओढला गेला.

पट्टा सुरू कसा झाला ते सांगते, कारण तुमच्याही घरचं माणूस अशा कामावर असेल. दुरुस्तीआधी वीज बंद करून प्रत्येकाने स्विचला आपलं कुलूप लावायचं, आपल्या नावाचा लाल टॅग अडकवायचा, असा नियम. सुनीलच्या टोळीत मात्र एकच कुलूप लागायचं, नामदेवभाऊंचं. भाऊ सगळ्यांत जुने, सुनीलला त्यांनीच कामाला लावलेलं. त्यांच्या कुलपाशेजारी आपलं लावायचं म्हणजे त्यांच्यावर भरवसा नाही असं तोंडावर सांगणं. त्या दिवशी पट्ट्याखालून सगळे वर आले असं समजून भाऊंनी कुलूप काढलं आणि वीज सुरू झाली. सुनील खालीच होता.

चंद्रपूरच्या दवाखान्यातून आम्हाला नागपूरला पाठवलं. तिथे नसा जोडून पाहिल्या. मी रोज त्याची बोटं धरून बसायची. आधी ती गार पडली, मग काळी.

"रक्त पोचत नाहीये. आता थांबलो तर विष अंगभर पसरेल, किडन्या जातील," डॉक्टर म्हणाले. सही मी केली.

नामदेवभाऊ बसने डबा घेऊन यायचे आणि आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून राहायचे. त्यांना पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. डबा मात्र मी खायची, कारण भूक लागायची.

एकदा ते म्हणाले, "बाई, मले शिव्या तरी दे. अशी चूप नको राहू."

"शिव्या देऊन हात येते का, भाऊ?"

ते तिथेच रडायला लागले. मी उठून नळावर गेले.

ऑपरेशननंतर सुनील शुद्धीवर आला आणि त्याचा पहिला प्रश्न: "भाऊले काई बोलली तं नाई ना?" मला त्याचाही राग आला. बायांनो, घरचा माणूस कामावर निघाला की त्याला विचारा, स्वतःचं कुलूप लावतो का? चिडला तर चिडू द्या.

जीव वाचला यात समाधान मान, असं सगळे म्हणतात. मी मानते, खरंच मानते. त्या डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही.

आता आम्ही घरी आहोत. फॅन्टम पेन नावाचा एक प्रकार असतो. नसलेला अवयव दुखतो, खाजतो, कारण तो गेल्याचं मेंदूला कळलेलं नसतं. काल दुपारी सुनील डोळे मिटून म्हणाला, "सुषमा, तळहात खाजून राह्यला वो."

हात असता तर जिथे आला असता, तिथे मी चादर खाजवली.

"थोडं खाली," तो म्हणाला.

मी थोडं खाली खाजवलं.