कथिलाचा केस

स्वप्ना तायडे आमच्या ठाण्याच्या कोपरीतली, आमच्याच मजल्यावर राहते. वडील गेल्यावर आई केशरबाईंनी लोकांच्या घरी पोळ्या लाटून तिला बी.एस्सी. केलं. चार वर्षांपूर्वी तिला वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथे कथिलाच्या मिश्रधातूंवर संशोधन चालतं. कथिलात काय आणि किती मिसळलं की आतले कण कसे बसतात आणि मग तो धातू कसा वागतो, हे वर्षानुवर्षं तपासायचं.

स्वप्ना तशी शांत मुलगी. रस्ता ओलांडतानाही दोनदा बघणारी. गेल्या वर्षी जे झालं ते तिने मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं.

इलेक्ट्रॉनिक बोर्डांवरच्या पितळी पिनांना कथिलाचा मुलामा देतात. पूर्वी त्या कथिलात थोडं शिसं असायचं. शिसं विषारी म्हणून ते काढलं, तेव्हा काही कंपन्या नुसतं शुद्ध कथील वापरू लागल्या. शुद्ध कथिलाला एक खोड आहे. खालच्या पितळेतला धातू हळूहळू वरच्या मुलाम्यात शिरतो, आत ताण साठतो आणि मग कथिलातून केस उगवतात. आपल्या केसाच्या तिसाव्या हिश्श्याइतके बारीक, कधी एखादा मिलिमीटर लांब. असा केस शेजारच्या पिनेला टेकला की नको तिथून वीज जाते. पुष्कळदा त्या विजेने केसच जळून जातो आणि बिघाड कशाने झाला ते कुणालाच कळत नाही.

स्वप्नाचं काम हे केस मोजण्याचं. मायक्रोस्कोपखाली एकेक पिन धरायची, उगवलेले केस मोजायचे, लांबी लिहायची. चांदी किंवा बिस्मथ मिसळलेल्या कथिलावर जवळजवळ काहीच नसायचं. पण बाहेरून तपासायला आलेल्या पिनांच्या एका संचावर तिला इतके केस दिसले की तिने तीनदा मोजले. सगळ्यात लांब केस दोन पिनांमधल्या फटीपेक्षा मोठा होता. त्या पिना लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीच्या होत्या.

त्याच आठवड्यात केशरबाई चष्मा घरी विसरल्या. त्या घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर स्वयंपाकाला जातात. सुट्टी होती म्हणून स्वप्ना चष्मा द्यायला गेली. लिफ्टमध्ये शिरली, दार लागलं आणि बटणांच्या खाली तिला त्या कंपनीचं चिन्ह दिसलं.

“एकविसाव्यापर्यंत मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही,” ती म्हणाली.

आई त्या लिफ्टने दिवसातून चार वेळा वर-खाली करते, हे तिच्या डोक्यातून जाईना. केस टेकल्यामुळे, दार उघडं असताना ते बंद आहे असं बोर्डाला वाटलं आणि लिफ्ट हलली, तर उंबऱ्यावरचा माणूस कुठे जाईल? जेवताना ती तेच बघत बसायची. तिने आईला जिन्याने जायला सांगितलं. केशरबाईंनी तिच्या समाधानासाठी एक दिवस चढून पाहिलं. तेराव्या मजल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले.

“पोरी, तुझ्या त्या केसाने मरायची तेव्हा मरेन,” त्या म्हणाल्या, “या जिन्याने मात्र आजच मरेन.”

आणि परत लिफ्टने जाऊ लागल्या. स्वप्ना रोज साडेअकराला फोन करायची. आईने उचलला नाही की प्रयोगशाळेच्या बाथरूममध्ये जाऊन पुन्हा पुन्हा लावत राहायची.

ऋजुता बर्वे मॅडम तिच्या वरिष्ठ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पण तपासणी अजून अर्धीच झाली होती आणि ज्याचा नमुना त्याच्याशिवाय कुणाला निष्कर्ष सांगायचा नाही असा करार होता. पिनेवर केस उगवला म्हणजे लिफ्ट बिघडली असं होत नाही, हेही त्यांनी समजावलं. मग स्वप्ना त्या टॉवरच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेली, तर त्यांनी लेखी काही आहे का विचारलं. लेखी काहीच नव्हतं.

शेवटी स्वप्नाने लिफ्टचा मेकॅनिक गाठला. कमलेश नाव त्याचं, खोपटला राहतो. आधी तो हसला. ती केसाबद्दल बोलत राहिली तशी त्याला एक गोष्ट आठवली. गेल्या महिन्यात त्या टॉवरमधली एक लिफ्ट दार उघडं असताना हातभर वर सरकली होती, असं त्याने सांगितलं. आत कुणी नव्हतं. दोन दिवस शोधूनही दोष सापडला नाही, म्हणून धूळ झटकून परत चालू केली होती.

शनिवारी दुपारी सर्व्हिसिंगला तो तिला गच्चीवरच्या मशीन रूममध्ये घेऊन गेला. वीज बंद केली, पेटी उघडली. स्वप्नाने टॉर्च आडवा धरला, दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावलं आणि दार लागलंय की नाही ते कळवणाऱ्या रिलेवर आली. उजेडात काहीतरी चमकलं. एका पिनेतून निघालेला केस दुसऱ्या पिनेपाशी पोचला होता. मध्ये फट होती की नव्हती, तिला कळेना. कमलेश बघायला वाकला आणि सवयीने धूळ उडवायला त्याने तोंड पुढे केलं.

“फुंकू नका,” ती म्हणाली. “श्वाससुद्धा दुसरीकडे सोडा.”

दोघांनी तो बोर्ड काढून खोक्यात ठेवला. काढायला वीस मिनिटं लागली. रिक्षात ते खोकं तिने मांडीवर न ठेवता तळहातांवर धरलं.

मॅडमनी मायक्रोस्कोपमधून बराच वेळ पाहिलं. केस टेकलेला होता. आता हा नमुना कंपनीने दिलेला नव्हता, चालत्या लिफ्टमधला होता, म्हणून त्या स्वतः संचालकांकडे गेल्या आणि संध्याकाळच्या आत कंपनीला आणि सोसायटीला पत्र गेलं. त्या टॉवरमधल्या सगळ्या लिफ्ट बंद झाल्या. आणखी दोन बोर्डांवर केस सापडले. बिस्मथ मिसळलेल्या मुलाम्याचे नवे बोर्ड यायला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत टॉवरमधल्या लोकांनी तिला बोल लावले. म्हातारी माणसं घरात अडकली, पाण्याचे जार वर येईनात. केशरबाईंचं काम सुटलं. एवढे मजले चढणारी तरुण बाई त्या घराला मिळाली. लेकीला बोल न लावता त्यांनी जवळची कामं शोधली. आता कोपरीतच तळमजल्यावरच्या दोन घरी जातात.

माझी समजूत होती की स्वप्नाची भीती आता गेली असेल. परवा मी तसं म्हटलं.

“काका, तेच बोर्ड आणखी कुठे कुठे लावलेत, ती यादी आम्ही कंपनीकडे मागितली होती,” ती म्हणाली. “सात महिने झाले. अजून आलेली नाही.”

एवढं बोलून ती कामावर निघून गेली. कल्याणला माझी मुलगी सोळाव्या मजल्यावर राहते. मी तिला फोन लावला आणि लिफ्टमध्ये बटणांच्या खाली काय लिहिलंय ते बघून सांग म्हटलं.